सस्पेन्स नेमका फुटतो कुठून? स्पॉयलर झाकणाऱ्या सोयींची पारख

वर ‘स्पॉयलर अलर्ट’ असं लिहायचं आणि लगेच खालच्या ओळीत खुन्याचं नाव सांगून मोकळं व्हायचं, ही पद्धत मराठी ग्रुपांत चांगलीच रुळली आहे. इशारा दिला, म्हणजे आपलं काम झालं असं लिहिणाऱ्याला वाटतं. पण वाचणाऱ्याचा डोळा एका ओळीवर थांबत नाही, एका नजरेत तो तीन-चार ओळी उचलतो. इशाऱ्याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत नाव वाचून झालेलं असतं. इशारा वेगळा आणि झाकण वेगळं. चांगल्या सेवेत दोन्ही लागतात, आणि बहुतेक ठिकाणी दोहोंपैकी एकच मिळतं.

म्हणून रोजच्या वापरातल्या काही सेवा इथे एकाच कसोटीवर घासून पाहिल्या आहेत. ज्याने अजून पाहिलेलं किंवा वाचलेलं नाही, त्याला कुठेही बोट न लावता किती कळतं? मुख्य मजकूर झाकायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. गळती होते ती आजूबाजूने: मथळ्यातून, थंबनेलमधून, नोटिफिकेशनमधून, लिंकखाली उगवणाऱ्या प्रीव्ह्यूमधून आणि झाकणाबाहेर राहिलेल्या अर्ध्या वाक्यातून.

आधी इशाऱ्याबद्दल. ‘पुढे स्पॉयलर आहे’ या वाक्यातून वाचकाला काहीच ठरवता येत नाही. कशाचा स्पॉयलर? कुठपर्यंतचा? आठ भागांची मालिका असेल आणि वाचक पाचव्यावर असेल, तर त्याने झाकण उघडायचं की नाही? उपयोगी इशारा असा असतो: ‘अमुक मालिका, सीझन १. भाग १ ते ४ बद्दल उघड लिहिलंय, भाग ५ आणि ६ मधलं झाकलंय, पुढच्या भागांबद्दल काही नाही.’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि वाचक स्वतःचं स्वतः ठरवतो. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. इशाऱ्यात ‘ट्विस्ट’, ‘धक्का’, ‘शेवटची दहा मिनिटं’ हे शब्द नकोत. धक्का येणार हे कळलं, की रहस्यकथेचा सराईत वाचक पहिल्या पानापासून सर्वांत साध्या दिसणाऱ्या माणसावर नजर ठेवतो, आणि निम्मा खेळ तिथेच संपतो.

मराठीत लिहिताना आणखी एक गळती होते आणि कुठलंही ॲप ती बुजवू शकत नाही. ‘शेवटी ■■■ मरते.’ नाव झाकलं, पण क्रियापदाने बाई आहे हे सांगून टाकलं. पात्रांत स्त्री एकच असेल, तर झाकण घालून उपयोग काय? ‘मरतात’ लिहिलं, तर वयाने किंवा मानाने मोठं कुणीतरी, म्हणजे आजोबा, सर, नाहीतर इन्स्पेक्टरसाहेब. ‘खून ■■■ने केला’ हे त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद खुनाच्या मागे जातं आणि कर्त्याचं लिंग लपतं. पण तिथेही ‘■■■नी केला’ झालं की आदरार्थी माणूस उघडा पडतो. झाकलेल्या पट्टीची लांबीसुद्धा बोलते. दोन अक्षरी नाव आणि ‘साहेब’ लावलेलं नाव यांच्या पट्ट्या सारख्या दिसत नाहीत. यावर उपाय एकच आहे. एकटं नाव झाकू नका, क्रियापदासकट सगळं वाक्य पूर्णविरामापर्यंत झाका.

टेलिग्राम

मराठी चर्चेसाठी आजघडीला सर्वांत भरवशाचं झाकण इथे आहे. ही सोय डिसेंबर २०२१ च्या अखेरीस आली. मजकूर टाइप करायचा, हवा तेवढा भाग निवडायचा, फॉरमॅटिंगच्या मेनूत जाऊन स्पॉयलर दाबायचं. अँड्रॉइडवर मजकूर निवडल्यावर येणाऱ्या तीन टिंबांत हा पर्याय मिळतो. संगणकावरच्या ॲपमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-पी. झाकलेल्या जागी चमचमणारे ठिपके दिसतात आणि बोट लावलं की मजकूर उघडतो.

पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी गोष्ट म्हणजे हे झाकण चॅटच्या आत तर टिकतंच, शिवाय बाहेरच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्येही टिकतं. फोन टेबलावर पडलेला असताना स्क्रीनवर संदेश झळकला, तरी ठिपकेच दिसतात. वर सांगितलेल्या कसोटीत बाकीच्या सेवा बहुतेक इथेच घसरतात.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अशी, की एका संदेशात चार ठिकाणी झाकण घातलं आणि वाचणाऱ्याने त्यातल्या एकावर बोट लावलं, तर चारही एकदम उघडतात. म्हणजे ‘भाग ३ बद्दल हे, भाग ६ बद्दल ते’ असं एकाच संदेशात झाकून लिहिलं, तर तिसऱ्या भागापर्यंत पोचलेल्याला सहाव्याचंही कळतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला वेगळा संदेश, आणि प्रत्येकाच्या पहिल्या उघड्या ओळीत तो कुठपर्यंतचा आहे ते. दुसरी गोष्ट फोटोची. फोटो पाठवण्याआधी तीन टिंबांतून तोही झाकता येतो, ही सोय वर्षभराने आली. पण त्याखालची ओळ आपोआप झाकली जात नाही, ती वेगळी निवडून झाकावी लागते. फोटो धूसर आणि खाली ‘हाच तो खुनी बघा’ असा उघडा मथळा, ही चूक फार वेळा होते. लिंक देत असाल, तर पाठवण्याआधी प्रीव्ह्यू फुली मारून काढा. बातमीचा मथळा आणि चित्र बऱ्याचदा लिंकपेक्षा जास्त बोलतात.

व्हॉट्सॲप

कुटुंब, सोसायटी, शाळेचे मित्र, नाट्यवेडे, सगळे इथेच असतात, त्यामुळे सोय सर्वांत जास्त लागते ती इथे. ठळक, तिरपं, खोडलेलं, यादी, अवतरण अशी मजकुराची सजावट व्हॉट्सॲपवर सर्रास वापरता येते. टेलिग्रामसारखं झाकण मात्र त्या नेहमीच्या सजावटीत नाही. मग लोकांनी वाटा शोधल्या, आणि त्या सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत.

सर्वांत जुनी युक्ती टिंबांची. वर इशारा, मग एकाखाली एक वीसेक ओळींत एकेक टिंब, मग मजकूर. संदेश लांब झाला की ॲप तो मध्येच तोडून ‘अधिक वाचा’ दाखवतं, आणि तेच झाकणाचं काम करतं. दहा-बारा टिंबं पुरत नाहीत, मोठ्या स्क्रीनवर सगळं एकाच नजरेत मावतं. नुसत्या रिकाम्या ओळींवर विसंबू नका, ओळीगणिक एक टिंब द्या. इशारा आणि मजकूर एकाच संदेशात हवेत हे तर सर्वांत महत्त्वाचं. दोन वेगळे संदेश केले, तर दुसऱ्याचं नोटिफिकेशन थेट खुन्याच्या नावाने सुरू होतं आणि टिंबांची सगळी मेहनत पाण्यात जाते. पहिली ओळ इशाऱ्याची असेल, तर कुणी त्या संदेशाला उत्तर दिल्यावर वर येणाऱ्या चौकटीतही तीच ओळ दिसते. हा फायदा वरवर लहान वाटतो, पण पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये फार कामी येतो.

दुसरी वाट ‘एकदाच पाहा’ची. मजकूर नोट्समध्ये लिहून त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि फोटो पाठवताना ओळीशेजारचं १ हे चिन्ह दाबायचं. समोरच्याला फक्त फोटो आल्याचं कळतं, आत काय आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही. एकदा पाहिला की तो जातो, आणि १४ दिवसांत उघडला नाही तरी जातो. याची अडचण उघड आहे. चर्चा करायची तर संदर्भ पुन्हा पाहता येत नाही आणि फोटोतला मजकूर शोधताही येत नाही. ‘शेवटचं पत्र कुणाचं होतं?’ अशा एका ओळीच्या प्रश्नाच्या उत्तराला ही वाट उत्तम. दीर्घ चर्चेला अजिबात नाही.

तिसरी वाट फारशी कुणी वापरत नाही, पण झाकण म्हणून ती सर्वांत साधी आहे: व्हॉइस मेसेज. नोटिफिकेशनमध्ये माइकचं चिन्ह आणि मिनिट-सेकंद, बाकी काही नाही. आधी एका ओळीचा मजकूर, ‘खालच्या आवाजात अमुक नाटकाचा शेवट आहे’, आणि मग आवाज. फक्त इशारासुद्धा आवाजातच देऊ नका. लागोपाठ आलेले व्हॉइस मेसेज ॲप एकामागून एक आपोआप वाजवतं. इशारा संपतो आणि ऐकणारा फोन उचलायच्या आत शेवट सुरू होतो. दोन आवाजांच्या मध्ये एखादा लेखी संदेश टाकला की ही साखळी तुटते.

ग्रुप जर मालिका किंवा सिनेमाच्याच चर्चेचा असेल, तर या सगळ्या कसरतीपेक्षा ‘पाहून झालंय’ या नावाचा वेगळा ग्रुप करणं केव्हाही बरं. आणि डीपी, ग्रुपचं नाव, वर्णन यांत कथानकाचा मागमूसही नको. ही तिन्ही सगळ्यांना उघडी दिसतात.

डिस्कॉर्ड आणि रेडिट

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या, ||असं||, की तो झाकला जातो. प्रत्येक झाकण स्वतंत्र उघडतं, म्हणून एका संदेशात टप्प्याटप्प्याने लिहायचं असेल तर टेलिग्रामपेक्षा हे सरस. चित्र अपलोड करताना त्यावरच्या डोळ्याच्या चिन्हाने ते धूसर होतं. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला इंग्रजी कॅपिटलमध्ये स्पॉयलर हा शब्द आणि अंडरस्कोअर दिला, तरी तेच होतं. कोडच्या चौकटीत उभ्या रेघा चालत नाहीत, त्या तशाच्या तशा दिसतात आणि मजकूर उघडा राहतो. चॅटच्या सेटिंगमध्ये ‘स्पॉयलर नेहमी दाखवा’ असा पर्याय आहे. तो कधीतरी चालू करून विसरलेले लोक नंतर ग्रुपला दोष देतात, तेव्हा आधी तिथे बघा.

रेडिट या चर्चेच्या साइटवर >!असं!< लिहायचं. उघडणाऱ्या चिन्हानंतर मोकळी जागा सोडू नये, साइटच्या जुन्या रूपात त्यामुळे झाकण मोडतं. दोन परिच्छेद झाकायचे, तर प्रत्येकाला वेगळी चिन्हं. पूर्ण पोस्टला स्पॉयलरची खूण लावली की चित्र धूसर होतं, पण मथळा उघडाच राहतो. रेडिटवरची बहुतेक फूट मथळ्यातूनच होते.

परीक्षणांच्या साइट्स

पुस्तकांसाठी गुडरीड्सची रचना मनापासून आवडावी अशी आहे. संपूर्ण परीक्षण झाकायची चौकट आहे, आणि कोनी कंसात इंग्रजी स्पॉयलर शब्दाची खूण आधी आणि मग मिटवणारी खूण शेवटी दिली, तर परीक्षणातला तेवढाच भाग झाकला जातो. पुस्तकाची भाषा, बांधणी, अनुवाद यांवर मोकळेपणी लिहिता येतं आणि फक्त शेवटावरचा परिच्छेद झाकता येतो. परीक्षण लिहिणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

सिनेमांसाठीच्या लेटरबॉक्स्डवर ही सवलत नाही. तिथे खूण एकच, आणि ती सगळं परीक्षण झाकते. त्यामुळे शेवटाबद्दल एक वाक्य लिहायचं असलं, तरी उरलेल्या पंचवीस चांगल्या वाक्यांवर पडदा पडतो. म्हणून लोक ती खूण लावायचंच टाळतात. त्यावर तोडगा म्हणून शेवटाबद्दलचं लिखाण स्वतंत्र दुसऱ्या नोंदीत करता येतं, कारण एकाच सिनेमाच्या अनेक नोंदी तिथे चालतात. आणखी एक गळती सिनेमाच्या पानावरच असते: तो सिनेमा ज्या लोकप्रिय याद्यांत आहे त्या याद्यांची नावं. ‘निवेदकच खुनी असलेले सिनेमे’ अशा नावाच्या यादीत एखादा सिनेमा दिसला, की परीक्षण न उघडताच सगळं कळलं. सिनेमा पाहायच्या आधी पान उघडायचंच असेल, तर खाली सरकू नका.

आयएमडीबी या सिनेमा-मालिकांच्या माहितीच्या साइटचं प्रकरण वेगळं आहे. परीक्षण देताना ‘यात स्पॉयलर आहेत का’ हे विचारलं जातं, पालकांसाठीच्या माहितीत आणि ट्रिव्हियात स्पॉयलरचा वेगळा भाग तळाशी असतो. या सोयी नीट विचार करून केल्या आहेत. पण खरी फूट कलाकारांच्या यादीत आहे, आणि तिच्यावर झाकण नाही. मालिकेच्या पानावर प्रत्येक कलाकारापुढे किती भाग आणि कोणती वर्षं हे दिलेलं असतं. मालिका चार वर्षं चालली आणि तुमचं आवडतं पात्र फक्त पहिल्या वर्षात दिसतंय, तर ते मरतं किंवा निघून जातं हे कळायला परीक्षण लागत नाही. पात्रांची नावंही बोलतात: लग्नानंतरचं आडनाव, खोट्या ओळखीमागचं खरं नाव, तरुणपणीचं आणि म्हातारपणीचं रूप वेगवेगळ्या कलाकारांनी केल्याची नोंद. ‘हा नट कुठे पाहिलाय?’ एवढ्याच उत्सुकतेने मालिका चालू असताना हे पान उघडलं जातं, आणि फटका बसतो. त्यापेक्षा भागाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत नटाचं नाव बघून त्या नावाने शोधावं. मालिकेच्या पानावर जायचंच कारण उरत नाही.

विकिपीडिया

इथे झाकण नाही, इशाराही नाही, आणि ते ठरवून केलेलं आहे. इंग्रजी विकिपीडियावर एके काळी कथानकाच्या वर इशाऱ्याची पाटी लावत. २००७ मध्ये बरीच वादावादी होऊन त्या पाट्या काढल्या गेल्या. शेवट उघड होतो एवढ्या कारणावरून माहिती काढू नये, असं तिथलं मार्गदर्शक सूत्र आहे.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या रहस्यनाटकाचं. २५ नोव्हेंबर १९५२ पासून ते लंडनमध्ये चालू आहे, १९७४ मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्स थिएटरात गेलं आणि कोरोनाच्या बंदीत थांबून मे २०२१ मध्ये पुन्हा उभं राहिलं. पडदा पडताना प्रेक्षकांना विनंती होते, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. विकिपीडियावरच्या लेखात मात्र ते दिलेलं आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या नातवाने २०१० मध्ये याबद्दल जाहीर नाराजी दाखवली, तरी मजकूर राहिला. विश्वकोश म्हणून ही भूमिका योग्य आहे. ज्याला नाटकाचा अभ्यास करायचा आहे, त्याला शेवट कळायलाच हवा. पण वाचक म्हणून आपण काय करायचं, ते माहीत असायला हवं.

साधा उपाय असा. नुसती माहिती हवी असेल, तेव्हा फोनच्या ब्राउझरवर मोबाइलचं पान उघडा. तिथे लेखाचे विभाग मिटलेले असतात, आणि ‘कथानक’वर बोट लावेपर्यंत ते उघडत नाही. संगणकावर तेच पान सगळं पसरलेलं दिसतं, निर्मितीची माहिती शोधताना डोळा कथानकावरून जातोच. लेखाच्या तळाशी विषयवार वर्गांची यादी दिसत असेल, तर तिथपर्यंत मात्र जाऊ नका. ‘अमुक विषयावरचे चित्रपट’ हा वर्ग कधीकधी कथानकाइतकाच बोलतो.

रिमेकच्या बाबतीत हा धोका दुप्पट. ‘दृश्यम २’ मल्याळममध्ये १९ फेब्रुवारी २०२१ ला प्राइम व्हिडिओवर आला, हिंदी रूप १८ नोव्हेंबर २०२२ ला थिएटरात. मधल्या २१ महिन्यांत मूळ कथानक सगळीकडे उघड होतं. हिंदीची वाट पाहणाऱ्याने केवळ हिंदी नावापासून जपून चालत नाही. नाव दोन्हींचं एकच असल्यामुळे शोधयंत्रसुद्धा दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडतं.

मुदत किती?

इशारा द्यावाच का, यावर संशोधनही एकमुखी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये १२ लघुकथा घेऊन प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट किंचित जास्त आवडल्या असं त्यांना दिसलं. २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबॉम यांच्या अभ्यासात याच्या विरुद्ध निघालं, फोडलेल्या कथा कमी रंगल्या. पहिल्या अभ्यासाचा दाखला देऊन ‘मग सांगितलं तर काय बिघडलं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण प्रयोगासाठी वाचलेली काही पानांची कथा आणि आठवडे वाट पाहून बघितलेली दहा तासांची मालिका यांत गुंतवणुकीचा फरक आहे. आणि एखाद्याला शेवट माहीत असून मजा येत असेल, तर तो झाकण उघडेल. झाकणाने त्याचं काही जात नाही. उलट ज्याला नको आहे त्याला एकदा कळलेलं परत ‘न कळलेलं’ करता येत नाही. एवढ्या कारणासाठी झाकण हवंच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न उरतो किती दिवस. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ २६ एप्रिल २०१९ ला आला, आणि दिग्दर्शक रूसो बंधूंनी ६ मे पासून बोलायला हरकत नाही असं जाहीर केलं. जगभर एकाच वेळी हजारो पडद्यांवर लागणाऱ्या सिनेमाला दहा दिवस ठीक. मराठीला हे माप लागू नाही. मराठी सिनेमा परदेशातल्या मंडळांच्या एखाद्या शनिवार-रविवारच्या खेळात काही आठवड्यांनी पोचतो. नाटकाचं तर विचारूच नका. मुंबई-पुण्यात सुरू झालेलं नाटक दौऱ्यावर निघून कोल्हापूर, नागपूर, पणजी गाठेपर्यंत महिने जातात, आणि त्याची ओटीटीवर येण्याची तारीख नसते. रहस्यनाटकाला मुदत देऊच नये, प्रयोग चालू आहेत तोवर झाकण.

ओटीटीवर वेळेचा फरक लक्षात घ्या. नेटफ्लिक्सच्या मालिका बहुधा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री येतात, म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारी १२:३० आणि हिवाळ्यात १:३०. इकडचे लोक कामावर असतात आणि कॅलिफोर्नियातले मराठी मित्र रात्री जागून पहिले दोन भाग बघत असतात. त्या दिवशीच्या दुपारच्या गप्पांतच सर्वांत जास्त फूट होते.

एक्सवर (जुनं ट्विटर) शब्द गप्प करणं

सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सेफ्टी’, मग ‘म्यूट अँड ब्लॉक’, मग ‘म्यूटेड वर्ड्स’. मुदत २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा आपण काढेपर्यंत. शब्द घातला की त्याचा हॅशटॅगही जातो. चित्रातल्या मजकुरावर याचा काही परिणाम होत नाही, मीम येतातच. आणि शोध घेतलात, तर गप्प केलेला शब्दही दिसू शकतो.

मराठीत ही यादी नीट करायला पाच मिनिटं द्यावी लागतात. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतो. ‘बाहुबली’ घातलं म्हणून ‘बाहुबलीचा’, ‘बाहुबलीमध्ये’, ‘बाहुबलीनं’ झाकलं जाईलच असं समजू नका, रूपं वेगवेगळी घाला. रोमन लिपीतली स्पेलिंगंही घाला. सिनेमाच्या नावापेक्षा पात्राचं नाव जास्त कामाचं. ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं’ हा प्रश्न १० जुलै २०१५ पासून २८ एप्रिल २०१७ पर्यंत देशभर चालला, आणि दुसरा भाग लागताच त्याची उत्तरं फिरू लागली. अशा वेळी ‘कटप्पा’, ‘कट्टप्पा’, ‘कटप्पाने’, ‘कटप्पानं’ ही चार रूपं सिनेमाच्या नावापेक्षा जास्त अडवतात, कारण उत्तर देणारा सिनेमाचं नाव लिहीलच असं नाही, पात्राचं लिहितोच.

सहसा लक्षात न येणारी भानगड युनिकोडची, म्हणजे यंत्राला अक्षरं कळावीत म्हणून ठरवलेल्या संकेतांची. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध असतं, किंवा अ आणि त्यावर चंद्र असं दोन तुकड्यांत, किंवा त्या दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखी, यंत्राला तीन वेगळे शब्द. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांचंही तेच, प्रत्येक कीबोर्ड ते वेगळ्या तऱ्हेने उमटवतो. म्हणून शब्द स्वतः टाइप करू नका. दोन-तीन वेगवेगळ्या लोकांच्या पोस्टमधून कॉपी करून घाला, म्हणजे प्रत्यक्षात वापरली जाणारी रूपं आपोआप मिळतात. पोस्ट शोधायच्याच आहेत, तर प्रदर्शनाच्या आधी शोधा.

नेटफ्लिक्सची स्वतःची फूट

यादीत एखाद्या नावावर क्षणभर थांबलं, की झलक आपोआप सुरू होते. ती बंद करायची सोय फेब्रुवारी २०२० मध्ये आली. ब्राउझरवरून अकाउंटमध्ये जा, आपलं प्रोफाइल निवडा, प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले प्रीव्ह्यूज’ची खूण काढा आणि सेव्ह करा. हे प्रत्येक प्रोफाइलला वेगळं करावं लागतं. टीव्हीवर फरक दिसला नाही, तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या. भागांच्या यादीतलं चित्र आणि दोन ओळींचा सारांश मात्र उघडाच राहतो, म्हणून यादीत पुढे सरकू नका, भाग संपला की थेट पुढचा लावा. स्वतःच्या संग्रहातले व्हिडिओ बघायला ‘कोडी’ हे ॲप वापरणाऱ्यांची ही अडचण सुटलेली आहे. तिथे व्हिडिओच्या सेटिंगमध्ये न पाहिलेल्या भागांचं चित्र आणि सारांश दोन्ही लपवता येतात.

इशारा हाच स्पॉयलर असतो तेव्हा

भाग सुरू होताना कोपऱ्यात वयोगट आणि कारणं येतात: हिंसा, शिवीगाळ, आत्महत्या. चार पात्रांच्या कथेत सुरुवातीलाच शेवटचा शब्द दिसला, तर बघणारा पहिल्या प्रसंगापासून कोण ते शोधू लागतो. तरीही हा शब्द काढावा असं आम्ही म्हणणार नाही. घरात अशी घटना घडून गेलेल्या माणसाला तो प्रसंग अचानक समोर येणं आणि रहस्यप्रेमीची गंमत थोडी कमी होणं, यांत पहिल्याची काळजी आधी घ्यायला हवी.

दोघांचीही सोय करण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न ‘डझ द डॉग डाय’ या साइटवर दिसतो. कुत्रा मरतो का, या एका प्रश्नापासून सुरू झालेल्या या साइटवर आता दोनशेहून जास्त प्रश्न आहेत: मूल दगावतं का, कुणी बुडतं का, सुया दिसतात का. उत्तरं प्रेक्षकांनी हो-नाहीच्या मतांनी दिलेली. झाकणाच्या कसोटीवर साइट कमजोर आहे, कारण ‘हो’ हेच उत्तर आणि तोच स्पॉयलर, आणि सगळी यादी एका पानावर पसरलेली. खाते उघडून आपले दोन-तीन प्रश्न वर टाचून ठेवले, तर तेवढेच बघून परत फिरता येतं. त्याहून चांगलं म्हणजे सोबत बघणाऱ्या, शेवट कळला तरी चालणाऱ्या माणसाला पान उघडायला सांगा. त्याने फक्त ‘बघ’, ‘नको बघू’ किंवा ‘चौथ्या भागात अमुक मिनिटाला मी सांगेन तेव्हा उठ’ एवढंच म्हणावं. मराठी सिनेमांच्या नोंदी तिथे तुरळक आहेत. नाटकांसाठी तर तिकीट खिडकीवर किंवा संस्थेच्या नंबरवर आधी फोन करून विचारणं हीच आजही एकमेव वाट आहे. विचारताना ‘नाटकात काय होतं’ असं न विचारता ‘लहान मुलाचा मृत्यू रंगमंचावर दाखवलाय का’ असं एकच नेमकं विचारा, म्हणजे उत्तरही तेवढंच मिळतं.